बसलेले बिशप

बायको नौपाड्यात साड्या बघते तेवढा वेळ मी जवळच्या संग्रहालयात पंख्याखाली काढतो. घरात याला माझी कलेची आवड म्हणतात. तिथे एका बिशपचं तांब्यावर कोरून छापलेलं जुनं चित्र आहे. ते ऐसपैस खुर्चीत बसलेत. परवा शेजारी साठीचे पहारेकरी एका पायावरचा भार दुसऱ्यावर टाकत उभे होते.

"पाय दुखतोय का, काका?"

"गुडघा सुजलाय. बसायचं काम या साहेबांचं. माझी खुर्ची काढून नेली. कोणीतरी अभिप्रायाच्या वहीत लिहिलं, पहारेकरी बसून असतात. आता उभं राहवत नाही, तर म्हणतात पुढच्या महिन्यापासून येऊ नका."

तो अभिप्राय मीच लिहिला होता, खाली लफ्फेदार सही करून.

"लोक पण कसे असतात ना," मी म्हणालो.