बर्लिनहून आलेले पाकीट

बर्लिन शहरात ऑलिम्पिकचे खेळ भरले, त्या वर्षी मी खामगावच्या एका साप्ताहिकात नोकरीला होतो. बातम्या लिहिणे, प्रुफे तपासणे आणि अंक निघाला की गठ्ठे बांधणे ही माझी कामे. त्या खेळांच्या वेळी देशी व्यायामाची प्रात्यक्षिके दाखवायला वऱ्हाडातून एक पथक बोटीने गेले होते. त्यात मल्लखांब करणारा एक तरुण शेतकरी डोणगावचा होता. वय सव्वीस. घरी थोरला भाऊ, बायको आणि दीड वर्षाची मुलगी.

निघण्यापूर्वी तो कचेरीत आला. त्याला लिहिता येत होते. घरी कोणाला वाचता येत नव्हते. ठरले असे की तो दर आठवड्याला दोन पाकिटे पाठवील, दोन्ही आमच्या पत्त्यावर. एक वाचकांसाठी, दुसरे घरासाठी. घरचे पाकीट मी मेहकरमार्गे जाणाऱ्या मोटारीच्या ड्रायव्हरच्या हाती द्यायचे. डोणगावच्या थांब्यावर भाऊ ते घेई आणि शाळामास्तरांकडून वाचून घेई.

त्याचे लिहिणे मोजके होते. शहर इतके स्वच्छ की थुंकायला जागा सापडत नाही. रस्तोरस्ती झेंडे आहेत. खांबांवर कर्णे बसवले आहेत. त्यांतून दिवसभर कोणीतरी बोलत असते आणि चालणारी माणसे थांबून ऐकतात. काही भिंतींवर ताज्या रंगाचे चौकोन आहेत. खाली काय होते विचारले तर दुभाष्या हसतो आणि पुढे चालू लागतो. हे शेवटचे वाक्य मी छापताना गाळले. अर्थ लागत नव्हता आणि जागा कमी होती. अर्थ पुढच्या काही वर्षांत लागला: ज्यूंविरुद्धच्या घोषणा खेळांपुरत्या रंगाखाली झाकल्या होत्या.

लोक कचेरीत येत ते पत्रांपेक्षा तिकिटे पाहायला. खेळाडूंची चित्रे असलेली ती तिकिटे संपादकांनी काचेच्या चौकटीत लावली होती. एका आठवड्यात आमच्या पाकिटावर साधे तिकीट आले आणि घरच्या पाकिटावर भाला फेकणारा खेळाडू. मोटार दारात उभी होती. मी लोखंडी पट्टी ठेवून तिकिटासकट कोपरा फाडला आणि पाकीट ड्रायव्हरकडे दिले. आतला कागद शाबूत होता.

मृत्यूचे पत्र कोपरा फाडून पाठवतात, हे मला माहीत नव्हते असे नाही. आजोबा गेले तेव्हा अशी कार्डे मीच फाडून टपालात टाकली होती. असे पत्र घरात नेत नाहीत. उंबऱ्याबाहेर वाचतात आणि तिथेच नष्ट करतात. त्या सकाळी ते माझ्या ध्यानात आले नाही, एवढेच सांगता येते. पोळा दोन दिवसांवर होता.

आठ दिवसांनी डोणगावहून एक कार्ड आले. त्याचा कोपरा फाडलेला होता. मास्तरांच्या अक्षरात भावाने कळवले होते की धाकटा परमुलखात वारला, पेपरात छापावे. त्याच टपालात धाकट्याचे बर्लिनचे नवे पाकीट होते. मल्लखांब पाहायला गर्दी जमली, एका म्हाताऱ्या गोऱ्याने खांबाला हात लावून तेल कोणते ते विचारले, असे त्यात होते. संपादकांनी दोन्ही वाचली आणि खरे कोणते ते विचारले. मी कोपऱ्याची गोष्ट सांगितली. पहिली मोटार पकडा, असे ते म्हणाले.

डोणगावात काय झाले ते मला त्या दिवशी कळले. पोळ्यासाठी मास्तर आपल्या गावी गेले होते. भावाने थांब्यावर पाकीट घेतले आणि कोपरा पाहिला. परदेशातून त्यांना पत्र लिहील असा माणूस एकच होता. पत्र मरणाचे आहे, तर मेला तोच, आणि लिहिणारा कोणी सोबती. वाचून घ्यायचे काय उरले? त्याने पाकीट न उघडता फाडले आणि नाल्याच्या पुरात सोडले. घरी बायांनी भावजयीच्या बांगड्या फोडल्या. देह नव्हता, म्हणून भटजीच्या सांगण्यावरून पळसाच्या पानांचा माणूस केला, त्याला धाकट्याचे धोतर नेसवले आणि नाल्याकाठी जाळला. पोळ्याला त्यांचे बैल गोठ्यातच राहिले.

भाऊ डोके भादरून ओट्यावर बसला होता. मी नवे पत्र वाचून दाखवले. त्याने विचारले, "कोनत्या रोजी लिहिलं हे?"

मी तारीख सांगितली. सतरा दिवस झाले होते.

"सतरा रोज झाले. आज तो जिता हाये, असं लिहून देता काय तुमी?"

मी लिहून देऊ शकत नव्हतो. पथक बर्लिनहून हलले होते आणि तार कुठे करावी हे कोणालाच माहीत नव्हते. मग मी कोपरा मीच फाडल्याचे सांगितले. कोणी हात उचलला नाही. एक म्हातारा म्हणाला, "तिकिटासाठी? एवढा शिकेल मानूस तुमी." दुसऱ्याने समजूत घातली की खोटी वार्ता उठली की आयुष्य वाढते, कावळा डोक्याला शिवला तर लोक मुद्दाम तशी पाठवतात.

बायको दाराच्या आत बसली होती. तिने आतूनच विचारले, "भाऊ, मंग मी काय करू? बांगड्या भरू का नोको?"

प्रश्न मला होता. उत्तर भावाने दिले. तो डोळ्यांनी दिसेपर्यंत नको.

पुढे सात आठवडे ती तशीच राहिली. पत्र आले की मी स्वतः घेऊन जाई. भाऊ तारीख विचारी, बोटांवर दिवस मोजी आणि मान हलवी. बोट निघाल्यावर पत्रेही थांबली.

तो परतला तेव्हा मी त्याला स्टेशनवर गाठून सगळे सांगितले. तो आधी हसला. "म्हंजे मी भूत हाओ काय आता?" मग त्याने विचारले की तिला कोणी सांगितले होते, आणि कसे. ते मला माहीत नव्हते.

गावाच्या शिवेवर त्याला थांबवले. ज्याला एकदा अग्नी दिला, त्याला पुन्हा जन्माला घालावे लागते, असे मेहकरच्या भटजीने सांगितले. त्याला न्हाऊ घातले आणि सव्वीस वर्षांच्या त्या माणसाच्या कानात आत्याने नाव सांगितले. "तेच नाव ठेवजो वं," मागून एक जण म्हणाला, "नाई तं पटवाऱ्याचे कागद बदला लागतीन." बाया हसून लोळल्या. मग लग्न. त्यावर भावकीत वाद झाला. विधवेचे दुसऱ्यांदा लागते तो पाट, त्याला वाजंत्री नसते; पण नवरा तोच, मग पाट कसा? शेवटी वाजंत्री लावून लग्नच लागले. अंतरपाट दूर झाला तेव्हा तिने त्याच्याकडे पाहिले आणि लगेच खाली पाहिले. अंगणात न हसणारी ती एकटीच होती.

त्यानंतर तो खामगावच्या बाजाराला आला की कचेरीत डोकावे. बर्लिनबद्दल फारसे बोलत नसे. एकदा म्हणाला, "वावरातून आलो का हात लावून पाह्यते. गरम हाये का थंडा. काऊन म्हनून इचारलं तं काही नाई म्हनते." नाल्यावर धुणे धुवायला ती जात नाही, पार दूरच्या विहिरीवर जाते, हेही त्यानेच सांगितले. एकदा तो स्वतः पानांचा माणूस जाळला होता ती जागा पाहून आला. तिथे गवत चांगले आले आहे, असे म्हणाला आणि विषय बदलला.

नऊ वर्षांनी तो विषमज्वराने गेला. निरोप आला तसा मी निघालो आणि पोचलो तेव्हा त्याला अंगणात ठेवले होते. ती उशाशी बसली होती. बाया रडत होत्या. तिचे डोळे कोरडे होते. न रडणाऱ्या बाईचे दुःख छातीत बसते आणि तिला घेऊन जाते, असे तिकडे मानतात. म्हणून त्या तिला हलवू लागल्या. कोणी त्याचे नाव घेतले, कोणी मुलीला तिच्या पुढ्यात आणून बसवले. एकीने शेवटी चिडून म्हटले, "रड वं बाई. नवरा गेला तुया."

तिने मुलीला जवळ ओढले. "मायं रडनं मागंच झालं," ती म्हणाली.

त्या बायांना जुन्या गोष्टीतले वाजंत्रीचे लग्न तेवढे आठवत होते, हसण्यापुरते. त्या आपसांत तिला दगडाची म्हणाल्या. मी चार हातांवर उभा होतो आणि मला सांगता आले असते.

मी सांगितले नाही.