तिसऱ्या उशीवरचा नमस्कार

जावई तिसऱ्या उशीवरून उतरला, दोन पावलं दोरीकडे गेला, डोक्यावरचं हेल्मेट काढून काखेत धरलं आणि वाकला. दोरीपाशी त्याचे वडील उभे होते. आमचे व्याही. सकाळच्या विमानाने डब्लिनला उतरलेले, गळ्यात मफलर, हातात अजून पासपोर्टची पिशवी. त्यांनी लेकाच्या डोक्यावर उजवा हात ठेवला. तेवढ्यात मागून समोरच्या संघाचा गडी आला आणि त्याने आपला चामड्याचा मोजा घातलेला हात जावयाच्या पाठीवर टेकवला. अगदी हळू. लांबून बघणाऱ्याला वाटलं असतं, यानेही आशीर्वादच दिला. पण त्या मोज्यात चेंडू होता.

"आयुष्मान हो," व्याही म्हणाले.

"आऊट," पंच म्हणाला.

सामना तिथेच संपला. आम्ही एका धावेने हरलो, आणि ती एक धाव तिसऱ्या उशीवर उभी होती, बापाला बघून खाली उतरली. माझ्या शेजारी माझी नात बसली होती. आयर्लंडमध्येच वाढलेली, मराठी सगळं कळतं पण उत्तर इंग्रजीत देते. तिने जॅकेटची टोपी नाकापर्यंत ओढून घेतली आणि मला सांगितलं की बाबा आऊट झाला. मला डोळे आहेत. मी वहीत फुली मारली.

हा खेळ बेसबॉल. अमेरिकेतला. तो आयर्लंडमध्ये, पोर्टलीशच्या बाहेर, गाईंच्या कुरणाला लागून असलेल्या मैदानावर का खेळतात, ते मी विचारलं नाही. मी तरी तिथे काय करत होते? मुलगी आणि जावई दोघंही डॉक्टर, त्यांच्याकडे मी राहायला आले, आणि रविवारी सगळे निघाले की घरात एकटी बसून करायचं काय. म्हणून घडीची खुर्ची घेऊन मीही जायला लागले. खेळ अवघड नाही. विटीदांडू खेळलेल्या माणसाला दोन रविवारांत समजतो. एक गडी चेंडू टाकतो, दुसरा दांडक्याने मारतो आणि पळतो. मैदानात तीन चौकोनी उश्या असतात, त्यांना शिवत शिवत फिरून यायचं आणि शेवटी जिथून निघालो त्या पाटावर पाय ठेवायचा. तेव्हा एक धाव. उशीवर पाय आहे तोवर तुम्हाला कोणी काही करू शकत नाही. उशी सोडली आणि चेंडू अंगाला लागला, की घरी जा.

मी चौथी पास आहे, पण बावीस वर्षं अकोल्याच्या एसटी स्टँडामागे खानावळ चालवली. कोण किती जेवलं हे वहीत रेघा मारून ठेवायची सवय. मैदानावर बसल्या बसल्या तेच सुरू झालं. कोण किती वेळा उशीपर्यंत पोचला त्याला उभी रेघ, कोण बाद झाला त्याला फुली. आमच्या संघाचा कप्तान गावातला पोस्टमन. त्याने एकदा माझी वही बघितली, मान हलवली आणि पुढच्या रविवारी मला एक चांगलं पेन आणून दिलं. तेव्हापासून वही माझ्याकडे.

आता समोरच्या संघाबद्दल. ते ॲथलोनच्या बाजूचे. त्यांच्या मागे एक बांधकामवाला होता. त्याने दोन परदेशी गडी कामावर ठेवले होते, कागदावर गवंडी म्हणून. एकाच्याही हाताला सिमेंट लागलेलं मी कधी पाहिलं नाही. आमच्याकडे पगार म्हणजे माझा शंकरपाळ्यांचा डबा आणि पोस्टमनच्या बायकोचा चहा. उन्हाळ्याच्या मध्यावर त्या बांधकामवाल्याने आमचा सगळ्यात चांगला गडी उचलला. हा व्हेनेझुएलाचा वेल्डर. त्याच्या देशात पोरं चालायला लागली की हा खेळ खेळतात म्हणे. आमचे सगळे फार चिडले. दगाबाज वगैरे बोलले. जावई तर घरी येऊन जेवताना तत्त्वं सांगत होता. मी म्हटलं, तुम्ही नागपूरचं हॉस्पिटल सोडून इथे आलात ते इथल्या हवेसाठी आलात काय?

मला वेल्डरचा राग नव्हता. माझ्या खानावळीतही पोळ्या लाटणारी एक बाई होती, तिच्यासारखी पोळी अख्ख्या स्टँडावर नव्हती. समोरच्या खानावळवाल्याने तिला जास्त पैसे दिले, ती गेली. जाणारच. तेव्हा मी दुसरी तशीच बाई शोधत बसले नाही, कारण ती मला परवडणारी नव्हती. मी भाकरी सुरू केली. भाकरी थापणाऱ्या दोघी मला निम्म्या पगारात मिळाल्या आणि गिऱ्हाईक राहिलं. पैसे कमी असले की सगळ्यांना हवं असतं ते शोधू नये. कोणाला नको असतं पण पोट भरतं, ते शोधावं.

तर वेल्डरची जागा रिकामी झाली आणि पोस्टमनसमोर दोघं उभे राहिले. एक होता दूधवाल्या शेतकऱ्याचा धाकटा भाऊ, दांडगा. तीन रविवारांत एकदा तो चेंडू थेट गाईंच्यात मारायचा, आणि लोक महिनाभर तेवढंच बोलायचे. उरलेल्या वेळी तो हवेत दांडकं फिरवून परत यायचा. दुसरा माझा जावई.

जावयाला ही जागा हवी होती. किती हवी होती ते मला माहीत होतं, कारण पोस्टमन दर शुक्रवारी नऊ जणांची यादी सगळ्यांना पाठवायचा आणि जावई फोन घेऊन बाथरूममध्ये जाऊन ती बघायचा. हॉस्पिटलात लोक त्याला विचारल्याशिवाय हलत नाहीत. इथे दोन वर्षं तो बाकावर बसून दुसऱ्यांच्या पाण्याच्या बाटल्या सांभाळत होता. चाळिशी उलटली होती. या वर्षी नाही तर मग नाहीच.

जावयाला चेंडू मारता येत नाही. हे मी त्याची सासू म्हणून बोलत नाही, वही बघून बोलते. पण त्याला उभं राहता येतं. तो भूल देणारा डॉक्टर. त्याचं कामच मुळी न हलता एका जागी उभं राहून बघत बसण्याचं. या खेळात टाकणाऱ्याने चार चेंडू वाकडे टाकले की मारणाऱ्याला पहिली उशी फुकट मिळते. बाकीच्यांना धीर नसतो, वाकड्या चेंडूलाही दांडकं घालतात. जावई घालत नाही. तो नुसता उभा राहतो. टाकणारा कंटाळतो, हात दुखतो, चार चेंडू वाकडे जातात, हा सावकाश चालत पहिल्या उशीवर. बघायला काही मजा नाही. पण माझ्या वहीत त्याच्या नावासमोर रेघा भरपूर होत्या. तो कधीमधीच खेळायचा, तरी वेल्डरच्या मानाने फार मागे नव्हता.

मी पोस्टमनला वही दाखवली. मुलगी मध्ये उभी राहून भाषांतर करत होती आणि लाजत होती, आई आपल्याच माणसाची शिफारस करते म्हणून. मी तिला सांगितलं, मी भाकरीची शिफारस करते आहे. पोस्टमनने रेघा दोनदा मोजल्या आणि जावयाला घेतलं.

आणि त्याच्या पहिल्याच मोठ्या सामन्यात हा नमस्कार.

झालं असं की व्याही येणार होते दुपारी, विमान बदललं आणि आले सकाळी. मुलगी त्यांना घेऊन विमानतळावरून थेट मैदानावर आली. गाड्या उभ्या करायची जागा तिसऱ्या उशीच्या मागे. व्याही गाडीतून उतरले आणि समोर मुलगा. तीन वर्षांनी. नुकताच त्यांच्या टाकणाऱ्याने जावयाला धाक दाखवायला चेंडू तिसऱ्या उशीकडे फेकला होता, तो तिथल्या गड्याच्या मोज्यात तसाच होता. सगळ्या जगाला दिसत होता. फक्त माझ्या जावयाला बाप दिसत होता.

पोस्टमन ओरडला नाही. आमचं सामान ठेवायचा एक पत्र्याचा मोठा कंटेनर आहे, तिथे उभा राहून त्याने साधेपणाने सांगितलं की पंधरा दिवसांनी त्यांच्या मैदानावर परतीचा सामना आहे, आणि त्यात तो दूधवाल्याच्या भावाला घेणार. जावई 'ग्रँड' म्हणाला. इथे सगळ्यालाच ग्रँड म्हणतात. घर जळलं तरी म्हणतील.

घरी पिठलं केलं होतं. जावई जेवला, ताट उचललं आणि गवत कापायला गेला. पाऊस पडत होता.

व्याह्यांना काहीतरी चुकल्याचं कळलं होतं. ते एसटीत वाहतूक नियंत्रक होते, चाळीस वर्षं गाड्या वेळेवर सोडल्या. गाडी चुकलेल्या माणसाचा चेहरा त्यांना ओळखता येतो. त्यांनी विचारलं, "माझ्यामुळे काही बिघडलं का?"

मुलगी म्हणाली, "नाही हो बाबा, काही नाही."

मी म्हणाले, "हो, बिघडलं. तुम्ही चुकीच्या फलाटावर उभे राहिलात."

मुलीने माझ्याकडे असं बघितलं की काय सांगू. पण व्याही खुर्ची पुढे सरकवून बसले आणि मला म्हणाले, नीट सांगा. मी सांगितलं. उश्या, पाट, मोजा, सगळं. ताटातल्या चार मिरच्या मांडून दाखवलं. मग ते म्हणाले की पुढच्या वेळी मी घरीच राहतो. तेही जमण्यासारखं नव्हतं. जावई संघात नसता तरी बाटल्या सांभाळायला जाणारच, आणि वडिलांना घरी ठेवून गेला असता तर आयुष्यभर मलाच ऐकवलं असतं.

जावई भिजून आत आला तेव्हा मी त्याला सरळ विचारलं, "जावईबापू, पुन्हा तिथे बाप दिसला तर वाकाल काय?"

त्याने बराच वेळ बूट काढले. मग म्हणाला, "आई, मी ठरवून वाकलो नव्हतो. पाय आपोआप गेले."

हे उत्तर मला बरं वाटलं. नाही वाकणार म्हणाला असता तर तो खोटं बोलला असता. पाय आपोआपच जाणार असतील, तर ते कुठे जावेत एवढंच आपल्या हातात उरतं.

पोस्टमनला शोधायला कुठे जावं लागत नाही, तो रोज अकराला दारात येतो. दुसऱ्या दिवशी मी दार उघडूनच बसले होते. विजेचं बिल घेतलं आणि त्याच्या हातात वहीचं पान ठेवलं. त्यावर मी मैदान काढलं होतं. तीन उश्या, एक पाट. पाटाच्या मागे चेंडू अडवायची जाळी असते, त्या जाळीमागे एक खुर्ची, खुर्चीवर मफलर घातलेला माणूस. तिसऱ्या उशीपासून त्या माणसापर्यंत एक बाण.

तो पानाकडे बघत राहिला. मग दाराच्या चौकटीला टेकून इतका हसला की त्याच्या पिशवीतली पाकिटं खाली पडली. मी हसले नाही. मी वही उघडली आणि दूधवाल्याच्या भावाच्या फुल्यांवर बोट ठेवलं. नंतर जावयाच्या रेघांवर. त्याने पाकिटं गोळा केली, पुन्हा मोजलं, आणि एक बोट वर केलं. एकच. म्हणजे शेवटची संधी. शुक्रवारी यादी आली तेव्हा जावई फोन घेऊन बाथरूममध्ये गेला आणि बराच वेळ बाहेर आला नाही.

त्यांच्या मैदानावर खरीखुरी बाकं होती आणि चहाला कपबशा. पैसा दिसतो. व्याह्यांना आम्ही सामना सुरू व्हायच्या आधीच पाटामागे, जाळीच्या पलीकडे नेऊन बसवलं. नमस्कार आधीच उरकून घेतला, मैदानाबाहेर, सगळ्यांदेखत. मी व्याह्यांना बजावलं, काहीही झालं तरी उठायचं नाही. ते म्हणाले, मी कंट्रोल सोडून कधी उठलेलो नाही.

चेंडू टाकायला आमचाच जुना वेल्डर होता. फार जोरात टाकत होता. आमचे एकामागून एक येत होते आणि फुली घेऊन परत जात होते. जावई आला आणि उभा राहिला. चार वाकडे, पहिली उशी. पोस्टमनने एक मारला, जावई दुसऱ्या उशीवर. आणखी कोणीतरी रखडत मारला, जावई तिसऱ्या उशीवर. आमची बाकावरची सगळी माणसं तिसऱ्या उशीच्या मागे कोण उभं आहे ते बघायला लागली. तिथे एक कुत्रं होतं.

मग वेल्डरच्या हातून चेंडू सुटला. जमिनीवर आपटून पकडणाऱ्याच्या डोक्यावरून गेला आणि धाडकन जाळीवर आदळला, बरोबर व्याह्यांच्या तोंडासमोर. व्याही उठले. चाळीस वर्षांत पहिल्यांदा.

पोस्टमन दुसऱ्या उशीवरून थांब थांब ओरडत होता. जावयाने ऐकलं नाही. वडील उठलेले बघितले आणि सुटला. मी त्याला लग्नात घोड्यावरून उतरतानाही इतक्या घाईत पाहिलं नव्हतं. शेवटी त्याचा पाय घसरला आणि तो तोंडावर पडून, दोन्ही हात पुढे, तसाच घसरत आला. बोटं पाटाला लागली. पाटाच्या पुढे जाळी, जाळीच्या मागे व्याह्यांचे पाय. साष्टांग नमस्कार. व्याह्यांचा हात आपोआप वर झाला आणि जाळीला लागून थांबला.

पंचाने दोन्ही हात आडवे पसरले. नातीने टोपी मागे सारली आणि मला सांगितलं की बाबा सेफ आहे. मी रेघ मारली आणि ती जरा जाड काढली.

सामना आम्ही हरलो. चार धावांनी. पैसा हा पैसाच असतो, आणि वेल्डर चांगला गडी होता. पण आमच्या सगळ्या मिळून दोन धावा झाल्या, त्यातली एक जावयाची. घरी जाताना त्याच्या दोन्ही कोपरांना खरचटलेलं होतं आणि तो ती सगळ्यांना दाखवत होता. व्याही गाडीत मला म्हणाले की मी उठलो ते चुकलंच. मी म्हणाले, हो.

हिवाळ्यात बांधकामवाल्याचं लक्ष घोड्यांच्या शर्यतीकडे वळलं. पगार थांबले, तसा तो संघही थांबला. वेल्डर मार्चमध्ये आमच्या मैदानावर आला, बाकावर बसला, आणि त्याने शंकरपाळ्यांचा डबा कुठे आहे ते विचारलं. मी डबा दिला.

त्या उन्हाळ्यात दोन संघ होते, आता एक आहे. जुन्यांपैकी उरले आहेत पोस्टमन, वेल्डर, दूधवाल्याचा भाऊ, जावई, आणि वही धरायला मी.