डाव्या गालावरचा डाग

आमच्या फोटोग्राफरला सगळे उजेडराव म्हणतात. दिवसभर ‘उजेड इकडे घ्या, उजेड खाली करा’ एवढंच ओरडत असतो म्हणून. मी त्याची मेकअपवाली. बावीस वर्षं मी चेहरे रंगवते, तो टिपतो, आणि माझ्या हातून सुटलेलं वैगुण्य तो कॉम्प्युटरवर पुसतो.

त्याची मतं म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. “कॅमेरा खरं बोलतो म्हणणारा कधी कॅमेऱ्यामागे उभाच राहिलेला नसतो,” असं तो म्हणायचा. “फॅशनमध्ये कपडा दिसला पाहिजे. पोर्ट्रेटमध्ये माणूस दिसला पाहिजे, पण त्याला स्वतःला हवा असतो तसा.” काम संपलं की मूळ फोटो उडवून टाकायचा. “कच्चा फोटो जपणं म्हणजे लोकांची अब्रू आपल्या कपाटात कोंडणं.” मला ते पटायचं. आमच्याकडून फोटो घेऊन निघालेली बाई जिना उतरताना पाठ ताठ करून उतरायची, हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

त्याच्या आईच्या, म्हणजे आमच्या काकूंच्या, डाव्या गालावर भाजल्याचा डाग आहे. कानापासून थेट ओठाच्या कोपऱ्यापर्यंत. दर वाढदिवसाला तो त्यांचा फोटो काढायचा. मी डागावर तीन थर चढवायचे, तो उजवीकडून उजेड टाकायचा आणि उरलेलं नंतर पुसायचा. घरात दुसऱ्या कुणी मोबाईल उगारला की हात धरायचा. “माझ्या आईचा फोटो मीच काढणार.”

हल्ली काकू विसरायला लागल्या होत्या. मंगळवारी सकाळी हा आंघोळीला गेला, दाराला कडी लावायची राहिली, आणि त्या गेल्या. ओळखपत्र त्यांच्याच पिशवीत आणि पिशवी त्यांच्या खांद्याला.

आम्ही गल्ल्या पालथ्या घातल्या. त्याने काकूंच्या, त्याच्या सगळ्यात लाडक्या फोटोच्या दोनशे प्रती काढून भिंतीभिंतीवर चिकटवल्या. मग चौकीत गेलो. पोलिसाने फोटो पाहिला, खालचं वय वाचलं, पुन्हा फोटो पाहिला.

“या बाई अठ्ठ्याहत्तरच्या? अंगावर काही खूण?”

उजेडराव टेबलावरचा फोटो सरळ करत राहिला. शेवटी मीच सांगितलं, “डाव्या गालावर मोठा डाग आहे.”

“मग इथे कुठंय?”

“तो... आम्ही पुसला, साहेब.”

“कमाल आहे तुमची. दुसरा आणा, साधा.”

साधा फोटो नव्हताच. ओळखपत्रावरचा एक होता, तो काकूंच्याच बरोबर गेलेला. इतका हुशार माणूस आणि इतकी मूर्खपणाची गोष्ट! आणि शहाणी मी, त्यात बावीस वर्षं हातभार लावलेला.

बुधवारी तो कॉम्प्युटरवर पुसलेला डाग फोटोत परत रंगवायला बसला. तासाभराने मला म्हणाला, “खाली किती रुंद होता गं?”

“रोज समोर बसून जेवतोस ना रे तिच्या?” मी ओरडले. बोलायला नको होतं. तो टेबलावर डोकं टेकवून हुंदके देऊन रडला. मग मी आरशासमोर बसले आणि ब्रश घेऊन माझ्याच गालावर काकूंचा डाग रंगवला. तो माझ्याकडे बघून गिरवत राहिला.

गुरुवारी नवे कागद घेऊन निघालो. चार चौक पलीकडे बसथांब्यापाशी फळवाली बसते. तिच्या हातात कागद दिला आणि ती एकदम म्हणाली, “अगंबाई, ही होय! काल इथेच बसली होती की, रिकाम्या हाताने, पिशवीबिशवी काही नाही. मी पाणी दिलं, केळं दिलं.”

“मग?” तो तिच्यासमोर उकिडवा बसला.

“मग काय, तुमचा तो भिंतीवरचा कागद आहे ना, त्याच्याशी ताडून पाहिलं. म्हटलं, आजी, ही तुम्हीच का? तर म्हणाली, नाही बाई, ही माझ्या मुलाने काढलेली कोणीतरी आहे. मलाही जुळेना. घरी जायचंय म्हणाली, म्हणून हाताला धरून बसमध्ये बसवून दिलं.”

“कुठल्या बसमध्ये?”

“आली त्या बसमध्ये. नंबर कोण बघतंय?”

तो तिच्यावर चिडला नाही. चिडला असता तर बरं वाटलं असतं मला.

त्या थांब्यावरून अकरा मार्गांच्या बस सुटतात. रोज एका बसने आम्ही शेवटच्या थांब्यापर्यंत जातो आणि येताना प्रत्येक थांब्यावर उतरून विचारतो. आज सातवी. कॅमेरा स्टुडिओत पडलाय. उजेडराव खिडकीशी बसतो आणि रस्त्यावरच्या प्रत्येक म्हातारीचा डावा गाल बघतो.