चिनी वालांचं गाडगं

श्रावणात सकाळी वामनभाऊजींना शोधायचं असेल तर नौपाड्यातल्या आमच्या शेताच्या बांधावर जावं. तिथे ते चिखलात पालथे पडलेले असत. हातात बाभळीचा काटा, श्वास रोखलेला. न उमललेलं इवलंसं फूल काट्याने उघडायचं, त्यातला पराग काढून टाकायचा आणि दुसऱ्या जातीच्या फुलाचा आत लावायचा, हा त्यांचा उद्योग. शेजारच्या शेतातले धर्माबाबा हसत, "काय भाऊ, फुलाचं कान टोचताव का?"

"कान नाही बाबा, लग्न लावतोय. नवरा परदेशी, नवरी पहाडी. अक्षता टाकून जा!"

हे माझे धाकटे दीर. मोजणीच्या नोकरीत उत्तरेकडे पहाडात फिरले, तिथून सोयाचे काळे दाणे घेऊन आले. पिवळे टपोरे दाणे एका खलाशाने चीनहून आणून दिले. घरात आम्ही दोन्हींना चिनी वालच म्हणत असू. पिवळ्याला शेंगा मोजक्या. काळ्याला भरपूर, पण दाणा मिऱ्याएवढा. भाऊजींना दोन्ही गुण एकाच रोपात हवे होते. फुलं गळत, रोपं निराशा करीत. "एक संसार टिकला तरी पुष्कळ आहे, वहिनी," म्हणत ते पुन्हा पालथे पडत.

अखेर एका रोपाला टपोऱ्या दाण्यांच्या शेंगा घोसांनी लागल्या. ते बी एका गाडग्यात घालून त्यांनी कोठीच्या फळीवर ठेवलं.

त्याच हिवाळ्यात ठाण्यात प्लेग आला. उंदीर पडला की घर सोडायचं, हे एव्हाना सर्वांना ठाऊक झालं होतं. शेतात झोपड्या बांधून झाल्या, काय न्यायचं ते मी ठरवलं, भांडी उकळून घेतली. निघायच्या सकाळी कोठीत गेले, तर फळीखाली उंदीर मरून पडलेला. चिमट्याने उचलून तो जाळला आणि सांगून टाकलं, "या खोलीतली काडीही बाहेर जाणार नाही."

भाऊजी दारात उभे होते. "हे बी आपल्या दमट हवेत फार टिकत नाही, वहिनी. या मृगाला जमिनीत गेलं नाही, तर संपलं."

"घरात पोरं आहेत, भाऊजी."

आम्ही झोपड्यांत पोचलो, तेव्हा भाऊजी शेताच्या पलीकडच्या राखणीच्या माळ्यावर चढत होते. काखेत गाडगं. तिथूनच ओरडले, "मी इकडेच राहतो! कुणी जवळ येऊ नका!"

रोज दुपारी मी मधल्या दगडावर जेवण ठेवून हाक मारायची, आणि ते ओ देईपर्यंत माझा जीव थाऱ्यावर नसायचा. "अजून आहे, वहिनी! आमटीत मीठ कमी होतं!"

मग एके दिवशी आवाज क्षीण आला. "जांघेत गाठ आलीय. गाडगं उन्हात ठेवलंय. भीती वाटली तर जाळून टाका, मी रागावणार नाही."

दुसऱ्या दिवशी हाकेला ओ आली नाही.

गाडगं उन्हाळाभर माळ्याजवळ उन्हात तसंच तापत पडलं. मृग लागला. भीती वाटत होती, म्हणून पोरांना लांब धर्माबाबांच्या बांधावर उभं केलं आणि एकटीनेच ते बी पेरलं.