मास्तरांनी ठेवलेली काडी

माझी आत्या जन्मभर बसमध्ये कंडक्टर होती. समोरचा माणूस फुकट्या आहे असं धरूनच ती बोलायला सुरुवात करायची. निवृत्त झाल्यावर ती थोरल्या काकांच्या घरात राहायला गेली. काका गेल्यापासून मागच्या बागेचं पार रान झालं होतं. गुलाब तर भिंत ओलांडून शेजारच्या शिंप्याच्या अंगणात शिरला होता. फूल मात्र औषधालाही नाही.

शिंप्याला सगळे मास्तर म्हणत. दोरीवर वाळत घातलेलं गिऱ्हाइकाचं रेशमी कापड काट्यांना अडकून टरकन फाटलं, तेव्हा ते आत्याच्या दारात आले. झाड मीच छाटून देतो म्हणाले. आत्याच्या मनात तिथेच पाल चुकचुकली. यांनी मागे एकदा, बाग विकणार का, असं विचारलं होतं. ती हो म्हणाली, पण खुर्ची टाकून पहाऱ्याला बसली.

मास्तरांनी जाडजूड, हिरव्यागार फांद्या बुडापासून उडवल्या आणि एक मरतुकडी काडी तेवढी ठेवली.

"चांगल्या कापल्यात आणि मेलेली ठेवलीत," आत्या म्हणाली. "झाड वाळलं की भिंत सरकवायला मोकळे."

"त्या जंगली होत्या, ताई. कलमाच्या खालून फुटलेल्या. तुमच्या दादांचा गुलाब एवढाच उरलाय."

आत्याने मला फोनवर सगळं सांगितलं. त्यांचं खरंही असेल, असं मी म्हणाले, तर तिने विचारलं, "तुझेही कान भरले का त्याने?" दुसऱ्या दिवशी तिने मागच्या फाटकाला नवं कुलूप घातलं. भिंत सरकली तर कळावं म्हणून टोकाशी जमिनीत खुंटी ठोकली. काडीला रोज पाणी घालायची, तेही आपल्यामुळे मेली असं मास्तरांना म्हणता येऊ नये म्हणून.

काडीला तांबूस कोंब फुटले. मग कळी आली, आणि एका सकाळी फूल उमललं. काका असताना यायचं तसंच, फिक्कट पिवळं. आत्या बराच वेळ त्याच्यापाशी उभी राहिली. भावाच्या आठवणीने तिचे डोळे भरून आले, हे तिनेच मला नंतर सांगितलं.

माफी मागणं तिच्या स्वभावात नव्हतं. तिने चहा केला आणि भिंतीवरून मास्तरांच्या हातात कप दिला. त्यांचा चहा पिऊन होईपर्यंत मात्र तिथून हलली नाही.

"कप चांगल्या सेटमधला होता," ती मला म्हणाली.