रिसिव्हरने उजवी बाजू का चढवली?

भुताखेतांवर माझा विश्वास नव्हता, आजही नाही. आमच्या भुईगावात कुणाला समुद्रावर हाक ऐकू आली, कुणाला वाडीत बाई दिसली... असल्या गप्पा निघाल्या की मी उठून जायचो. शाळा चौथीत सुटली, पण डोकं जाग्यावर आहे. लिहिण्यात चूक असेल तर सुधारून घ्या. खोटं मात्र म्हणू नका.

माझी बायको फिलोमिना. गेल्या वर्षी तिला अर्धांगाचा झटका आला. उजवं अंग गेलं, वाचा गेली. चाकाच्या खुर्चीत बसवायची, चमच्याने भरवायचं. कानाशी हाका मारल्या तरी पापणी हलत नव्हती. सगळे म्हणाले, हिला आता काही कळत नाही. मुलगा ब्लेझ आणि सून लिझेट, दोघं नोकरीवाली. तिला चर्चच्या सिस्टर लोकांच्या आश्रमात ठेवू म्हणत होती. मी नाही म्हणत होतो. रोज जेवताना तोच वाद. हॉलमध्येच, तिच्या देखत.

त्यात ब्लेझने होम थिएटर आणलं. पाच स्पीकर आणि ते चालवणारा भला मोठा रिसिव्हर. आता स्पीकर म्हटल्यावर मी गप्प बसणार? गावच्या लग्नांत, चर्चच्या सणाला कर्णे मीच लावायचो. मांडवात मधोमध उभं राहायचं, कान द्यायचा, इकडचा कमी, तिकडचा जास्त करायचा.

"बाबा, हे ऑटोमॅटिक आहे," ब्लेझ म्हणाला. "बसायच्या जागी माईक ठेवायचा. मशीन स्वतः आवाज काढतं, स्वतः मोजतं, कुठला स्पीकर किती ठेवायचा ते स्वतः ठरवतं."

"मग पिक्चर पण त्यालाच बघू दे."

रविवारची दुपार होती. टीव्हीसमोरची मधली जागा फिलूची. तिला तिथून हलवू दिलं नाही मी. मग ब्लेझने माईक स्टँडला लावून तिच्या डोक्याच्या बरोबर वर आणला. मशीनला शांतता लागते म्हणे — पंखा बंद, मिक्सर बंद, वाडीतला पंपसुद्धा बंद. एकेका स्पीकरातून हुंऽऽइप, हुंऽऽइप असा आवाज निघाला. मग टीव्हीवर आकडे आले.

उजवीकडचे दोन्ही स्पीकर मशीनने पार वर चढवले होते. गाणं लावलं तर सगळं उजवीकडून ओरडतंय!

"बहिरं आहे तुझं मशीन," मी म्हणालो. "सरक. हाताने लावतो." एकेक स्पीकर वाजवून मी सगळे सारखे केले. ब्लेझला पण पटलं. पण त्याला राहवेना. "बाबा, आई बसलीय म्हणून गडबडलं असेल. खुर्ची रिकामी करून बघू?"

फिलूला दोघांनी उचलून पलंगावर ठेवलं. रिकाम्या खुर्चीवर मशीनने मोजलं... सगळे स्पीकर सारखे. मी लावले होते तसेच. मग म्हटलं, माणूस बसवून बघ. लिझेट त्या खुर्चीत बसायला तयार होईना. मीच बसलो. तरी सारखेच.

फिलूला परत बसवली. उजवे परत वर.

लिझेट म्हणाली, "बाबा, बंद करा ना हे. मला भीती वाटते."

"भीती कसली? मशीन बिघडलंय. खुर्ची फिरव रे, आईचं तोंड मागच्या भिंतीकडे कर. बिघडलं असेल तर उजवेच चढवील."

स्पीकर तिथेच, माईक तिथेच. फक्त फिलू फिरली. हुंऽऽइप... हुंऽऽइप... आकडे आले.

आता डावे वर चढले होते.

जी बाजू फिलूच्या उजव्या कानाकडे, ती मशीनला ऐकूच येत नव्हती! ब्लेझ माझ्याकडे बघतोय, मी त्याच्याकडे. दोघांच्याही एकदमच ध्यानात आलं. पलंगाची डावी कड भिंतीला. आम्ही सगळे तिला उजवीकडूनच हाका मारायचो. आणि खुर्चीत बसली की जेवणाचं टेबल मात्र तिच्या डाव्या हाताला...

ब्लेझ तिच्या डाव्या बाजूला गुडघ्यावर बसला. कानाशी तोंड नेलं. "आई, ऐकू येतं तुला?"

फिलूने मान वळवली. झटक्यानंतर पहिल्यांदा. ओठ हलले. शब्द फाटका होता, पण तिघांनीही ऐकला.

"पाठवू... नको."

ब्लेझ नुसता "आई, आई" करत राहिला.

नंतर विरारला डॉक्टरांनी कान तपासले. उजवा पूर्ण गेलेला, डावा चांगला. दुकानदाराला विचारलं तर तो हसला. "काका, तो एकच माईक आहे, त्याला डावं-उजवं कळतच नाही. बायकोचे कान त्याला कुठून कळणार?" मी म्हटलं, तेच तर तुला विचारतोय! ब्लेझने मोबाईलवर पुष्कळ शोधलं, कुठेच काही नाही.

आश्रमाचं नाव घरात पुन्हा निघालं नाही. फिलू आता दोन-चार शब्द बोलते. उजवे स्पीकर आम्ही चढवलेलेच ठेवलेत. माझ्या कानाला ते चूक आहे, साफ चूक. एकदा न राहवून हळूच खाली करायला गेलो, तर मागून आवाज आला, "राहू दे."

राहू दिले.