बनाबाहेर भरलेले अकरा तक्ते

माझ्या पहिल्या संशोधन-अहवालाला जोडलेल्या पंधरा तक्त्यांपैकी अकरा मी ओसरीवर बसून रचलेले आहेत. ही गोष्ट मी सहा वर्षे मनात दडवली. ज्यांना सांगायला हवी होती त्यांना अखेर सांगितली; पण ती कागदावर उतरवायला पन्नाशी उलटावी लागली. मधल्या काळात व्यवसाय-व्यवस्थापन हा विषय मी अनेक वर्षे शिकवला. निरीक्षणाच्या तक्त्यात जागा रिकामी राहिली तर राहू द्यावी, हे मी प्रत्येक वर्गाला सांगत आलो. ते वाक्य उच्चारताना माझा आवाज खाली जातो, हे विद्यार्थ्यांच्या लक्षात आले असेल की नाही, मला माहीत नाही.

एकोणीसशे पन्नासनंतरची पहिली काही वर्षे ती. वाणिज्य शाखेची पदवी घेऊन मी नागपुरात एका प्राध्यापकांच्या हाताखाली काम करत होतो. त्यांना एका प्रश्नाने झपाटले होते. दोन धंद्यांचे भांडवल सारखे, कच्चा माल सारखा, बाजारही तोच. मग एक भरभराटीला येतो आणि दुसरा रडतखडत चालतो, तो का? उत्तर व्यवस्थापनात असले पाहिजे, असे त्यांचे मत होते. मतावर विसंबायचे नाही, पाहायचे, हा त्यांचा दंडक. त्यासाठी त्यांनी एक तक्ता आखला होता. दर अर्ध्या तासाने प्रत्येक कामगाराकडे पाहायचे आणि चारांपैकी एका रकान्यात खूण करायची: काम, तयारी, देखरेख, विश्रांती. असे सलग पंधरा दिवस. मला पाठवताना त्यांनी स्वतःच्या मनगटावरचे घड्याळ काढून माझ्या हातात दिले.

माझ्या वाट्याला चांदा जिल्ह्यातली, सावलीजवळची एक कोशाची, म्हणजे टसर रेशमाची, सोसायटी आली. तिचे निम्मे सभासद ढिवर होते. तलावात आणि वैनगंगेत मासेमारी करणारे हे लोक पावसाळ्यात ऐनाच्या झाडांवर कोशाच्या अळ्या पाळत. उरलेले सभासद सावलीचे विणकर. ते त्या कोशांचे सूत काढून कापड विणत. सोसायटीचे चिटणीस विणकरच होते, आणि माझी उतरण्याची सोय त्यांच्याच घरी झाली होती.

पहिल्या संध्याकाळीच त्यांनी मला एक गोष्ट स्पष्ट केली. ऐनाचे बन सरकारी जंगलातले होते. ते वापरण्याची परवानगी त्या वर्षी संपत होती, आणि ती पुन्हा द्यायची की झाडे ठेकेदाराला तोडायला द्यायची, हे ठरवताना जंगल कचेरी आमच्या अहवालाची प्रत पाहणार होती.

"बाबू, जे दिसन ते लिवा," ते म्हणाले. "पण नीट पाहून लिवा. येनाचं बन गेलं तर सोसायटीत उरते काय? एक पाटी आन दोन खुर्च्या. त्यातली एक मोडकी हाय."

बन गावापासून कोसभर दूर होते. त्याच्या तोंडाशी एक मांडव होता आणि मांडवात सगळ्यांत वडीलधारा ढिवर बसलेला असे. सारे त्याला भाऊ म्हणत. दाढी वाढलेली, केस तेलावाचून राठ झालेले. अळ्या झाडावर असेपर्यंत बनात जाणाऱ्या कोणी दाढी करायची नाही, तेल लावायचे नाही, मासळी खायची नाही, आणि रोज आंघोळ करूनच आत पाऊल टाकायचे, असा नियम होता. मासळीवर जगणारी माणसे दीड-दोन महिने मासळी सोडत होती. मी विचारले, यामुळे अळ्यांना काय फरक पडतो?

"किड्याले वास येते," भाऊ म्हणाले. मग जरा थांबून म्हणाले, "आन नसन येत, तरी माणूस ध्यानावर राह्यते. जीभ आवरली की हात बी आवरते."

माझ्या तक्त्याच्या माथ्यावर 'पर्यवेक्षक' असे लिहिलेले होते आणि पुढे नावाची जागा होती. पहिल्या दिवशी मी तिथे भाऊंचे नाव घातले. दुपारपर्यंत मला त्याची शंका येऊ लागली. ते कोणाला हुकूम देत नव्हते. सकाळी एक फेरी मारत, झाडाखाली पडलेली अळ्यांची लेंडी चिमटीत घेऊन चुरडत, वर पाहत आणि पुढे जात. त्यांनी कुठे मान थोडी जास्त वर केली, की मागचा माणूस त्या झाडावर चढे. पाने संपत आलेल्या फांद्या अळ्यांसकट अलगद कापून भरल्या झाडावर नेऊन टांगायच्या, हे मुख्य काम. कोणी गुलेल घेऊन कावळ्यांवर नजर ठेवी, कोणी खोडाला राख लावून मुंगळे अडवी. कामे कोण वाटून देतो, हे मला शेवटपर्यंत दिसले नाही. हे चालते कसे, या कुतूहलाने मी अक्षरशः भारलो होतो. चार रकाने अपुरे पडत म्हणून तक्त्याच्या पाठीमागेही लिहीत होतो.

तिसऱ्या दिवशी बनात शिरलो तर सारे शांत. अळ्या माना उंचावून फांद्यांना चिकटलेल्या, आणि माणसे झाडांखाली बसलेली. कोणी बोलत नव्हते, कोणी झाडाला हात लावत नव्हते. चौथा दिवसही तसाच.

"आज काम नाही?" मी हळूच विचारले.

"झोपले हायेत," भाऊ कुजबुजले. "कात टाकून राह्यले. ही चवथी झोप, शेवटची. आता फांदी हालवली तर गेलाच समजा."

"मग तुम्ही घरी का जात नाही?"

"लेकरू झोपलं म्हून माय बाजारात जाते काय, बाबू?"

हे उत्तर मी तक्त्याच्या पाठीवर लिहून घेतले. पुढच्या बाजूला मात्र खुणा 'विश्रांती'च्या रकान्यात केल्या, कारण बसलेल्या माणसासाठी दुसरा रकाना नव्हता.

वैनगंगेच्या माशांची कीर्ती मी नागपुरातच ऐकली होती, आणि आल्यापासून दोनदा तसे बोलूनही दाखवले होते. चौथ्या दिवशी संध्याकाळी चिटणिसांच्या पत्नीने पाहुण्याची हौस म्हणून मासळीचा रस्सा केला. चिटणिसांनी स्वतःच्या ताटात वरण वाढून घेतले.

"मले नाई जमत सध्या. बनात कवा जा लागन सांगता येत नाई," ते म्हणाले. "तुमाले बी सकाळी जायचं हाय ना?"

"एका जेवणाने काय होणार?" मी म्हणालो, आणि दोनदा मागून घेतले.

सकाळी मांडवात भाऊंनी नेहमीचा प्रश्न विचारला, रात्री काय खाल्ले. मी खरे सांगितले. ते खोकला लागेपर्यंत हसले.

"आमी ढिवर असून मासळीचं नाव नाई घेऊन राह्यलो, आन नागपूरचे बाबू रस्सा वरपून आले. जा, पाच दिवस थांबा. सहाव्या दिवशी आंघोळ करून या. बन कुठी पळून नाई जात."

मला राग आला नव्हता; लाज वाटली होती. आणि त्या लाजेची भरपाई मी विचित्र रीतीने केली. प्राध्यापकांना सलग पंधरा दिवस हवे होते. मासळी खाल्ली म्हणून पाच दिवस गेले, हे त्यांना कोणत्या तोंडाने कळवायचे? चिटणिसांच्या ओसरीवर बसून मी तिसऱ्या आणि चौथ्या दिवसाचे तक्ते समोर ठेवले आणि त्यांत थोडा फेरफार करून पाचवा भरला. मग सहावा. खुणा फार सारख्या दिसू नयेत याची मी काळजी घेतली. पाच दिवस संपले तेव्हा हात इतका सरावला होता की बनाकडे पुन्हा गेलोच नाही. उरलेले सहा तक्तेही तिथेच झाले. मांडवात मला भाऊंशी खोटे बोलवले नव्हते. कागदाने मात्र मला काही विचारले नाही.

त्या दिवसांतली एक गोष्ट मला आजही टोचते. चिटणिसांच्या घरातला माग बंद होता. एरवी पहाटेपासून त्याची खटखट चाले. ते स्वतः उजाडण्याआधी कुठे तरी जात आणि अंधार पडल्यावर येत, जेवता जेवता त्यांना झोप लागे. मी कामाच्या वेळांचा अभ्यास करायला आलेला माणूस. माझ्यापासून दहा हातांवरचा माग अकरा दिवस गप्प का आहे, हे मी एकदाही विचारले नाही. कदाचित उत्तर ऐकले तर तक्ते फाडावे लागतील, असे आत कुठे तरी कळले असावे.

अहवाल गेला. 'कामगारांचा निम्म्याहून अधिक वेळ विश्रांतीत जातो. पर्यवेक्षण नाममात्र आहे,' असे त्यात होते. प्राध्यापकांनी माझी पाठ थोपटली. दिवाळीनंतर चिटणिसांचे पोस्टकार्ड आले. जंगल कचेरीने अर्धे बन ठेकेदाराला दिले होते. कार्डावर तक्रार नव्हती, फक्त एक प्रश्न होता: 'आमच्या हजेरीवहीत आपण चारच दिवस बनात आल्याची नोंद आहे. बाकीचे अकरा दिवस कुठून पाहिले, ते कृपया कळवावे.' मी ते कार्ड एका पुस्तकात ठेवले. उत्तर पाठवले नाही.

सहा वर्षांनी दुसरे कार्ड आले. एव्हाना राज्य पुनर्रचनेत जिल्हा जुन्या मध्य प्रदेशातून मुंबई राज्यात गेला होता, प्राध्यापक निवृत्त झाले होते आणि मी एका महाविद्यालयात नोकरीला लागलो होतो. चिटणिसांनी लिहिले होते: उरलेल्या अर्ध्या बनाची मुदत संपत आहे. नवे साहेब भले आहेत, पण फाइलीत आपला अहवाल लावलेला आहे आणि ते त्यापुढे जाऊ शकत नाहीत.

या वेळी मी गेलो. जाण्याआधी निवृत्त प्राध्यापकांना भेटून सारे सांगितले आणि घड्याळ परत केले. त्यांनी घड्याळ घेतले. मग जंगल कचेरीसाठी मी एक निवेदन लिहिले: अकरा तक्ते प्रत्यक्ष निरीक्षणावर आधारलेले नाहीत, सबब त्यांवरून काढलेले निष्कर्ष बाद समजावेत. खाली सही केली.

भाऊ तलावाच्या पाळीवर जाळे सांधत बसले होते. चिटणीस सोबत होतेच. मी निवेदन भाऊंच्या हातात दिले. त्यांनी ते उलटे-सुलटे पाहिले आणि चिटणिसांकडे सरकवले.

"हे साहेबाले द्या. मले ते आधी वाचून दाखवा, तुमी तवा लिवलं होतं ते."

तक्त्यांच्या नकला माझ्या पिशवीत होत्या. मी सातव्या दिवसाचा तक्ता काढला आणि वाचू लागलो. "सकाळी साडेआठ. सात जण विश्रांती, एक देखरेख. नऊ. आठ जण विश्रांती."

चिटणीस मध्येच हसले. "बाबू, चवथ्या झोपेतून उठला की किडा राक्षसावानी खाते. एका दिवसात झाड नागवं करते. त्या दिवसांत सारे विणकर माग सोडून फांद्या वाहाले बनात होते. मी बी होतो. तुमच्या कागदात मी झोपलेलो हाय काय?"

"हो," मी म्हणालो.

"बरं झालं. कुठी तरी झोपलो म्हणा."

भाऊ हसले नाहीत. त्यांनी जाळे मांडीवरून खाली ठेवले. "काऊन लिवलं असं? आमचा राग होता काय?"

"नाही. राग कशाचाच नव्हता."

"मंग?"

मी निवेदनाकडे बोट केले. त्यात सारे आहे, असे काहीसे पुटपुटलो.

"कागद साहेबाचा," भाऊ म्हणाले. "वाचता मले येत नाई. मले तोंडानं सांगा."

सहा वर्षांत मनातल्या मनात मी ही वाक्ये किती तऱ्हांनी मांडली होती. त्यांत परिस्थितीचा उल्लेख होता, वयाचा होता, तक्त्याच्या अपुऱ्या रकान्यांचाही होता. पाळीवर उन्हात बसलेल्या त्या माणसासमोर यांतले काहीच उच्चारता येईना. चप्पल काढून मी त्यांच्यासमोर खाली बसलो.

"भाऊ," मी म्हणालो, "चौथ्या दिवसानंतर मी बनात आलो नाही. तुम्ही पाच दिवस थांबायला सांगितलंत, पण तक्ते भरायला मी थांबलो नाही. ओसरीवर बसून मनानं लिहिलं. तुम्ही राबत होतात आणि मी तुम्हाला बसलेलं दाखवलं. त्यानं तुमचं अर्धं बन गेलं. चूक माझी आहे, दुसऱ्या कोणाची नाही. मला माफ करा."